इरल्याच्या दोन जाळ्या

आमच्या माळ्यावर एक जुने इरले आहे. भातलावणीच्या पावसात पाठीवर घ्यायचे हे आच्छादन म्हणजे बांबूच्या कामट्यांच्या दोन जाळ्या आणि मध्ये पळसाची पाने. प्लास्टिकचे कागद आल्यापासून ते कोणी वापरत नाही. पाने केव्हाच झडली, जाळ्या तेवढ्या उरल्या. त्यांची वीण षटकोनी आहे, आणि याच एका कारणासाठी गेल्या आश्विनात मी ते खाली काढले.

मुलगी परदेशात ग्राफीनवर संशोधन करते. ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतका पातळ थर, मधाच्या पोळ्यासारखा षटकोनी. त्याचे अतिसूक्ष्म तुकडे विशिष्ट कडांनी कापले, तर त्यांत चुंबकत्व येऊ शकते. असे दोन तुकडे एकमेकांवर ठेवून वरचा किंचित फिरवला, की कोनाप्रमाणे हे चुंबकत्व वाढवता अथवा शमवता यावे, असे तिचे गणित सांगत होते. प्रयोग व्हायचा होता. हे मी पत्नीला समजावले, तेव्हा तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "कोळशाला लोहचुंबक लागत नाय, हे तुमीच शाळेत शिकवायचात ना? मंग पोर काय करते तिकडं?"

प्रयोग साधला तर मुलीची नेमणूक दोन वर्षांनी वाढणार होती. न साधला तर भाताच्या झोडणीच्या सुमारास ती मुरबाडला परतणार होती, इथेच कुठे शिकवता येईल का ते पाहणार होती. पत्नीने तिच्यासाठी गोधडी शिवायला घेतली. विज्ञानाच्या शिक्षकाने प्रयोग फसावा अशी इच्छा धरू नये. मी ती धरली नाही. फक्त मागची खोली रंगवून घेतली.

एका सकाळी व्हिडिओ कॉलवर तिला दाखवण्यासाठी मी दोन्ही जाळ्या सोडवल्या आणि सिद्धगडाकडच्या खिडकीत, उजेडासमोर, एकीवर एक धरल्या.

"बाबा, वरची जरा फिरवा. अजून थोडी. बास, आता हलवू नका."

जाळ्यांतून विरळ-दाट अशी मोठाली फुले उमटली होती. एकट्या जाळीत ती नव्हती. मुलगी बराच वेळ पाहत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "आमचंपण झालं, बाबा. कोन बदलला की चुंबकत्व बदलतंय."

पुन्हा करून पाहिलेस का, असे मी विचारले. तिने पाहिले होते. छान झाले, मी म्हणालो.

पत्नीने टाका थांबवला नाही. "थंडी पडली का गो तिकडं?" एवढेच तिने विचारले.

माझे हात भरून आले होते. पण हलवू नका म्हटले होते, म्हणून मी जाळ्या तशाच धरून ठेवल्या.