जागेपणी घातलेली नळी

सोलापुरात भूलतज्ज्ञ म्हणून काम करते त्याला आता बावीस वर्षं होतील. माझा स्वतःचा दवाखाना नाही. सहा-सात नर्सिंग होम आहेत, तिथल्या सर्जनचा फोन आला की गाडीत बॅग टाकून जाते, पेशंटला भूल देते, शुद्धीवर आणते आणि पुढच्या ठिकाणी जाते. कुठल्याही दारावर माझ्या नावाची पाटी नाही. आई होती तोवर घरी गेले की ती विचारायची, "आज कोण कोण होतं गं?" मग मी सांगायचे. ती गेल्यापासून जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये मी एकटीच असते. कुलूप उघडून आत गेल्यावर आधी टीव्ही लावते, बघत नाही.

माणसांशी माझी ओळख अशी फार थोडी होते. शिरेतून औषध सोडताना मी पेशंटला बोलतं ठेवते, म्हणजे त्याची भीती जरा कमी होते. भवानी पेठेतली विड्या वळणारी एक बाई मला आपल्या सुनेबद्दल सांगत होती, अर्धं तेलुगूत, अर्धं मराठीत. "चांगली आहे हो, पण एक दिवस तिनं काय केलं..." आणि तिचे डोळे मिटले. सुनेनं काय केलं ते मला कधी कळलं नाही. माणूस झोपला की त्याचा श्वास माझ्या हातात येतो. हनुवटी उचलायची, मास्क घट्ट धरायचा, पिशवी दाबून छाती वर येते का बघायचं, मग घशातून श्वासनलिकेत नळी घालून ती मशीनला जोडायची. जागं झाल्यावर त्यांना यातलं काही आठवत नाही. दुसऱ्या दिवशी बघायला गेले की नातेवाईक मला सिस्टर समजून सलाईन कधी निघणार ते विचारतात. मीही सांगून टाकते.

तीन वर्षांपूर्वी सांगोल्याकडचा एक मेंढपाळ ऑपरेशनसाठी आला. साठीचा, उंच, काटक माणूस. गळ्यावर नारळाएवढी गाठ. वीस वर्षांपासून होती, पण मेंढरं सोडून दवाखान्यात कोण जाणार म्हणून तशीच वाढू दिली होती. आता ती आतून श्वासनलिकेवर दाबत होती. दोन वर्षं तो आडवा झोपलेला नव्हता. झाडाला नाहीतर भिंतीला टेकून, बसून रात्र काढायचा. स्कॅनमध्ये श्वासनलिका एका बाजूला ढकललेली आणि चपटी, जेमतेम एक फट उरलेली दिसत होती.

अशा माणसाला नेहमीसारखं झोपवता येत नाही. झोपवलं की गळ्याचे स्नायू सैल पडतात, गाठ आणखी खाली बसते, आणि मग मास्कनं कितीही हवा दिली तरी ती आत जात नाही. त्यामुळे तो जागा असतानाच, त्याचा श्वास चालू असतानाच, नाकातून बारीक, लवचीक दुर्बिणीनं वाट शोधत नळी घालायची होती. मी आदल्या दिवशी दुपारी त्याला भेटायला गेले. बायको शेजारी खाली बसली होती.

"मामा, उद्या मी तुम्हाला भूल देणार. पण आधी जागेपणीच नाकातून नळी घालावी लागेल."

"जितंपणी?" तो म्हणाला. बायकोनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

मी सगळं समजावून सांगितलं. तो नीट ऐकत होता. मधेच म्हणाला, "मेंढीचं पिल्लू जलमलं आन् श्वास घेईना झालं, तर आमी नाकात गवताची काडी घालतो. शिंक आली की सुटलं."

"आणि नाही आली तर?"

"मग नाकातोंडातलं पुसून आपल्या तोंडानं फुकायचं. तरीबी न्हाय झालं, तर त्याची आई हुबी ऱ्हाती बघत."

कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझ्याच कामाबद्दल माझ्याशी बोलत होतं. मी गरज नसताना अर्धा तास तिथं बसले. निघताना म्हणाले, "दुखणार नाही, पण गुदमरल्यासारखं वाटेल. दोन मिनिटांचं काम आहे. सहन झालं नाही तर हात वर करा, मी थांबेन."

"थांबाल न्हवं?"

"थांबेन की."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला टेबलावर बसवलं. नाकात औषधाचे थेंब घातले, घशात बधिर करणारा फवारा मारला. नळी दुर्बिणीवर चढवून दुर्बीण नाकातून आत सरकवली. स्क्रीनवर आतलं लालसर अंग दिसत होतं, पण गाठीनं सगळं इतकं वाकवलं होतं की स्वरयंत्र जिथं असायला हवं तिथं नव्हतंच. मी दोनदा मागे आले, दोनदा पुन्हा गेले. तो खोकत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दोन मिनिटं कधीच उलटून गेली होती. "मामा, चांगलं चाललंय, हळू श्वास घ्या," मी म्हणत राहिले. शेवटी एका कोपऱ्यात स्वरयंत्राच्या दोन पांढऱ्या पट्ट्या उघडमीट करताना दिसल्या. श्वास आत घेतला की त्या उघडत होत्या. तशा उघडल्या त्या क्षणी मी दुर्बीण आत घातली, खालच्या अरुंद भागात पोचले आणि मागून नळी ढकलू लागले.

तेव्हाच त्यानं हात वर केला.

मी तो हात पाहिला. माझ्या खांद्याजवळच होता, बोटं पसरलेली. पण त्याच्या श्वासाची ती एकुलती एक फट आता माझ्या दुर्बिणीनं भरली होती. मागे आले असते तर आत सूज येऊन तीही बंद झाली असती आणि पुन्हा वाट मिळाली नसती. मी थांबले नाही. मदतीला उभ्या असलेल्या ब्रदरनं त्याचा हात हळूच खाली धरला. तो काहीतरी बोलायला गेला, पण नळी स्वरयंत्रातून गेली होती आणि आवाजच निघाला नाही. तोंड तेवढं हललं. मग मशीनच्या पडद्यावर उच्छ्वासाची रेघ चढउतार करताना दिसली. नळी जिथं हवी तिथंच होती. मी लगेच औषध दिलं आणि तो झोपला. डोळे मिटेपर्यंत तो माझ्याकडेच बघत होता.

ऑपरेशन तीन तास चाललं. सर्जननं गाठ काढून ट्रेमध्ये ठेवली आणि सगळ्यांनी मान वळवून पाहिली. माझी भीती पुढं होती. इतकी वर्षं दबलेली श्वासनलिका कधी कधी मऊ पडते, आधार गेला की मिटते. म्हणून त्याला पूर्ण जागा करून, उठवून बसवून, नळी घट्ट बसावी म्हणून तिच्याभोवती फुगवलेला फुगा रिकामा करून बाजूनं हवा जाते का ते ऐकलं आणि मग नळी काढली. पहिल्या चार-पाच श्वासांना शिट्टीसारखा आवाज आला. मी मास्क दाबून धरला, पिशवीनं हवेचा दाब देत राहिले. हाताला मुंग्या आल्या तरी सोडला नाही. पाऊण तासानं आवाज कमी झाला. तोवर सर्जन बाहेर जाऊन नातेवाइकांना भेटून आले होते. बायको त्यांच्या पाया पडल्याचं मला ब्रदरनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला बघायला गेले. तो उशीवर डोकं टेकून पडला होता. मला बघितलं आणि मान भिंतीकडे वळवली.

"आवं, मॅडम आल्यात," बायको म्हणाली.

तो घोगऱ्या आवाजात, भिंतीकडेच बघत म्हणाला, "म्या हात वर केलता."

बाकी कुणी असतं तर मी म्हटलं असतं, मामा, औषधाच्या गुंगीत तसं वाटतं. ते सोपं होतं, आणि त्यानं कदाचित मानलंही असतं.

"केला होता," मी म्हणाले. "मी पाहिला होता."

"मग?"

"थांबले असते तर तुम्ही तिथंच गेला असता. पण थांबेन म्हणून सांगितलं, ते चुकलं. तेव्हा मला तसं सांगायला नको होतं."

मी तपासून बाहेर आले. जिन्यात थोडा वेळ उभी राहिले. हे कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. फोनमधली नावं वरपासून खालपर्यंत पाहिली आणि फोन पुन्हा पर्समध्ये टाकला. त्या महिन्यात माझी झोप मोडायला लागली. इतकी माणसं माझ्या हाताखालून गेली, पण मी काय केलं ते आठवणारा एकच, आणि त्याला आठवत होती ती मी मोडलेली गोष्ट.

सव्वा महिन्यानं तो तपासणीला आला तेव्हा मी योगायोगानं तिथंच होते. दोन ऑपरेशनच्या मधे बाहेरच्या बाकावर चहा पीत होते. गळ्यावर बारीक आडवा व्रण, बाकी गळा सपाट. मी आधी ओळखलंच नाही. बायको हसली.

"आता आडवं झोपत्यात. घोरत्यात बी लई."

तो उभाच होता. मग बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"परत करायचं न्हाय न्हवं, तसलं?"

"नाही. आता कधीच नाही."

त्यानं मान हलवली. थोड्या वेळानं म्हणाला, "समद्यास्नी आसंच करता?"

"नाही हो मामा. बाकीचे झोपलेले असतात."

"मंजी तुमी काय करता ते कुणाला ठावंच न्हाय."

"नाही."

त्यानं मांडीवरची टोपी सरळ केली. मग म्हणाला, "मला लई राग आलता तुमचा. घरी जाऊनबी हुता." चहावाला समोरून चालला होता, त्यानं त्याला थांबवून दोन चहा घेतले. एक बायकोला दिला, एक स्वतः घेतला, आणि माझ्या कपात डोकावून "तुमचा हाय की अजून," म्हणाला. आम्ही तिघंही चहा प्यालो. त्याचा नंबर पुकारला तसा तो उठला, टोपी घातली आणि बायकोच्या मागून आत गेला.

माझं पुढचं ऑपरेशन अर्ध्या तासानं होतं. मी तिथंच बसून राहिले. ते दोघं बाहेर आले तेव्हा मला आत बोलावणं आलं होतं, त्यामुळे काचेच्या दारातून त्यांची पाठ तेवढी दिसली.

त्यानंतर असे दोन-तीन पेशंट आले, ज्यांना जागेपणी नळी घालावी लागली. आता मी त्यांना सांगते की हात वर करा, मी काय चाललंय ते सांगेन, पण प्रत्येक वेळी थांबता येईलच असं नाही. ऐकताना त्यांचे चेहरे उतरतात. तरी तेवढंच सांगते.