सूनबाईचं नाक

नर्सरीवाल्यांच्या घरात सून म्हणून जाताना तिला वाटलं होतं, आपण फुलांत राहायला चाललो. फुलं होती, नाही असं नाही. पण ती पुढे फाटकाशी, गिऱ्हाइकांसाठी. घरच्यांच्या वाट्याला मागचं आवार. शेणखताचा ढीग, कुजक्या पानांचा खड्डा आणि पिंपात भिजत घातलेली पेंड. त्या पेंडीवरचा फेस बघून तिला पहिल्याच दिवशी कोरड्या ओकाऱ्या आल्या होत्या.

तिला सगळ्याचीच किळस. बोटाला गांडूळ लागलं की कोपरापर्यंत हात धुवायची. कुंडीखालून गोगलगाय निघाली की त्या दिवशी घास उतरायचा नाही. आणि गिऱ्हाइकांची तर त्याहून जास्त. वसंत लागला की ही मंडळी यायची, पाकळ्या चुरगाळून बघायची, चिकट बोटं पानांना पुसायची, आणि कळ्यांनी भरलेलं ठेंगणं, दणकट रोप सोडून फुलून फुलून दमलेलं लांबुळकं रोप छातीशी धरून न्यायची. चार दिवसांनी परत हजर. "तुमचं रोप मेलं हो." कुंडीत डबकं, मुळं काळी, लिबलिबीत. ती उपसायची हिनंच.

"नाक तेवढं माहेरी ठेवून आली असतीस तर सुखी झाली असतीस," नवरा म्हणायचा. कामगारांनीही तिचं नाव नाकवाली पाडलं होतं.

सासऱ्यांचं नाक मात्र मानाचं. नवं खत आलं की ते ओंजळभर उचलायचे, नाकाशी न्यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "पिकलंय." मगच माती कालवायची, मगच ट्रे भरायचे. बाकीचा कारभार मुलाकडे गेला होता, गुडघ्यांनी दगा दिला होता. हा एक शब्द तेवढा अजून त्यांचा होता.

थंडीत त्यांना मोठा ताप येऊन गेला. तेव्हापासून ते प्रत्येक भाजीवर वरून मीठ घ्यायला लागले. तिला ते मनाला लागलं, पण म्हातारपणाचे चोचले म्हणून तिनं सोडून दिलं. मग एके सकाळी त्यांच्या खोलीत झाडू घेऊन गेली आणि उंबऱ्यातच कुजका वास नाकात घुसला. खाटेखाली उंदीर मरून फुगला होता, अंगावर अळ्या चालत होत्या. आणि सासरे त्याच खाटेवर पाय पसरून पेपर वाचत होते, बागेत बसल्यासारखे.

'घाणीत आयुष्य गेलं, आता घाण कळतही नाही,' ती मनात म्हणाली आणि सुपलीत उंदीर घेऊन, मान फिरवून, बाहेर पळाली.

त्याच आठवड्यात वसंताच्या रोपांसाठी खताची गाडी आली. थंडीभर प्लास्टिकखाली ओलं दाबून ठेवलेलं खत. ती आवाराच्या दुसऱ्या टोकाला होती, तरी भपकारा आला: व्हिनेगरसारखा आंबट, त्यात सडकं अंडं. तिनं ओढणी नाकावर दाबली. खत आंबलं होतं. असल्या खतात कोवळं रोप लावलं की रातोरात करपतं. उरलेलं खत एका शाळेच्या हिरवळीवर पसरायचं काम घेतलं होतं, तीही जळाली असती. वर्षाची सगळी विक्री याच दिवसांत, आणि रोपं लावणीला टेकलेली.

सासऱ्यांनी ओंजळ उचलली, डोळे मिटले. "पिकलंय. भरा ट्रे."

आणि तिला मीठही आठवलं, उंदीरही आठवला.

बोलावं तर चारचौघांत बोलायचं होतं की बाबांना वास येत नाही. मग उद्यापासून त्यांच्या शब्दावर कोण ट्रे भरणार? गप्प बसावं तर रोपं जाणार, आणि शब्दही जाणारच.

तिनं बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसली. "मी या खताला हात लावणार नाही. मला उलटी होतेय."

"झालं सुरू," नवरा म्हणाला. "अत्तर शिंपडू का त्यावर?"

"शिंपडा. नाहीतर उन्हात पसरा. वास गेला की भरते."

"राणीसाहेबांसाठी सगळं आवार अडवू?"

कामगार हसले. सासरे हसले नाहीत. हातातल्या खताकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "सूनबाई, एवढी घाण येतेय?"

"हो बाबा. आंबल्यासारखी. तुमच्यासारखं खमकं नाक नाही ना माझं. मला नाही सोसत."

त्यांनी ओंजळ पुन्हा एकदा नाकाशी नेली. मग ओंजळ ढिगावर झटकली. "पसरा रे. पोरीला त्रास होतोय. ऊन खाऊ दे त्याला, रोज खालीवर करा."

"लाडावून ठेवा," म्हणत नवऱ्यानं तिच्या नाकावर टिच्चून एक ट्रे स्वतः भरला, रोपं लावली. दुसऱ्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी, देठ मऊ, सगळी आडवी. तो ट्रे त्यानं गुपचूप ढिगामागे रिकामा केला. तिनं ते पाहिलं. आंबूस वास पुरता उडाल्यावर बाकीची रोपं लागली, आणि धरली.

तेव्हापासून नवं खत आलं की सासरे आधी मूठ भरून थेट तिच्याकडे येतात, ती कुठेही असो. स्वयंपाकघरातसुद्धा. नाकाखाली मूठ धरून म्हणतात, "बघ गं, किळस येते का." ती मानेनंच हो किंवा नाही सांगते. मग ते मागे जातात, सगळ्यांसमोर ओंजळ उचलतात, डोळे मिटतात आणि तोच निकाल सांगतात. इकडे ती तोंडावर पाणी मारत असते.

परवा मुठीतून गांडूळ वळवळत निघालं आणि तिच्या बांगडीवर पडलं.

"गांडूळ आहे म्हणजे चांगलं ना गं?"

"चांगलंय, बाबा," ती श्वास कोंडून म्हणाली. "फक्त जरा लांब धरा."