प्राजक्ताने सुहासला थेट विचारलं

गेल्या रविवारी सकाळी माझा जुना मित्र सुहास आमच्याकडे दिल्लीत मयूर विहारला पोहे खायला आला, तो गळ्यात कॅमेरा अडकवूनच. आल्या आल्या तो काढून माझ्या हातात दिला. म्हणाला, ठेव तुला, मला आता काय करायचाय...

वीस वर्षांत या माणसाने त्या कॅमेऱ्याला कुणाला बोट लावू दिलं नव्हतं. तीन महिन्यांपूर्वी नोकरी गेली, बायको मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला, हा फ्लॅटवर एकटा. आणि मी काय म्हणालो? "संन्यास घेतोयस की काय? मग गाडीची चावीही ठेवून जा."

तो हसला, मीही हसलो. पन्नाशीतले पुरुष मन मोकळं करतात ते एवढंच.

माझी भाची प्राजक्ता पोह्यांवर खोबरं घालत होती. ती फरीदाबादला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सध्या ड्युटी मानसोपचाराच्या वॉर्डात. नुसत्या गप्पा मारायला डिग्री कशाला लागते, म्हणून महिनाभर मी तिला छळत होतो.

ती हातातलं काम टाकून सुहाससमोर खुर्ची ओढून बसली. झोप लागते का, जेवण जातं का, आणखी काय काय देऊन टाकलंत... ट्रेकचे बूट वॉचमनला गेले होते, पुस्तकं शेजाऱ्यांना.

मला काहीतरी भारी सुचलं होतं. तोंड उघडणार, तोच माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "मामा, आत्ता विनोद नको."

मग अगदी साध्या आवाजात, "सुहासकाका, जीव संपवावा असं मनात येतं का?"

माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात जागीच थांबली. असल्या गोष्टीचं नाव काढलं की ती माणसाच्या डोक्यात शिरते, अशी आम्हा सभ्य लोकांची समजूत... म्हणून आम्ही प्रदूषणावर बोलतो.

सुहास प्लेटकडे बघत राहिला. ती शांतता मला असह्य झाली होती. हवा, मेट्रो, काहीही चाललं असतं... पण प्राजक्ता गप्प होती, म्हणून मीही.

"रोज येतं," तो म्हणाला. "आज संध्याकाळी घरी गेल्यावर... ठरवलं होतं."

ती दचकली नाही. "सांगितलंत ते फार बरं केलंत," एवढंच म्हणाली. 'बायको-मुलीचा तरी विचार कर' हे माझ्या ओठांवर आलेलं वाक्य मी गिळलं.

मग तिने आम्हाला कामं वाटली. काकांना क्षणभरही एकटं सोडायचं नाही, मामीने पुण्याला फोन करायचा. तिने स्वतः तिच्या मॅडमना फोन लावला आणि अर्ध्या तासात आम्ही कॅबने हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत. वाटेत मी त्याचा हात धरला होता... तीस वर्षांच्या मैत्रीत पहिल्यांदाच.

नंतर तिने मला समजावलं की विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. बहुतेकदा तो आधीपासूनच असतो, आणि कुणीतरी विचारलं की माणसाला सुटल्यासारखं वाटतं. हे म्हणे त्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

सुहास अॅडमिट आहे, बायको पोचली आहे. उपचार लांबतील, डॉक्टर घाईने काही बोलत नाहीत. पण काल त्याने स्वतःहून चहा मागितला...

तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर विचारा. थेट विचारा, आणि मग गप्प बसा. हे दुसरं मला अजून नीट जमत नाही... भाचीकडे शिकवणी लावली आहे.