खालून एक काळा हात

त्यांचं आडनाव ठोके नव्हतं, पण गावातल्या निम्म्या लोकांना ते तसंच वाटायचं. बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीला टेकून त्यांची पत्र्याची शेड होती आणि सकाळी नऊ वाजले की तिथून ठोकाठोक सुरू व्हायची. म्हणून ते ठोकेमामा. पस्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या गाड्यांचे पोचे काढले, कुजलेले पत्रे कापून नवे जोडले. काम करताना त्यांचा डोळ्यांपेक्षा तळहातावर जास्त भरवसा. दारावरून उलटा हात फिरवला की सांगत, ही गाडी उजवीकडून मार खाऊन आलेली आहे, मालक काहीही म्हणो. मालक बहुतेक वेळा आधी नाही म्हणायचा आणि मग ओशाळं हसायचा.

समुद्र शेडपासून हाकेच्या अंतरावर. त्या वाऱ्यात खिडक्यांचे गज, कुलपं, सायकलींच्या साखळ्या, सगळ्यांनाच लवकर म्हातारपण यायचं. गाड्यांना तर फारच. त्यामुळे मामांना कामाची वानवा कधी पडली नाही. स्वतः मात्र ते जन्मभर सायकलवर. दुसऱ्यांच्या गाड्यांखाली आयुष्य गेलं, आता आपली घेऊन काय करू, म्हणायचे. साठीला पाठीने हात टेकले तेव्हा त्यांनी शेडला कुलूप घातलं आणि घरी बसले.

घरात त्यांची बायको, जिला सगळे मामीच म्हणत. मुलगा, जो मासळीच्या शीतगृहातली यंत्रं सांभाळायचा. सून आणि सात वर्षांची नात. सून फिजिओथेरपिस्ट होती. किनाऱ्याच्या रस्त्यावरच्या तीन दवाखान्यांत तिची ये-जा असायची आणि बस बदलता बदलता ती मेटाकुटीला यायची. शेवटी सगळ्यांना पुरेल अशी एक गाडी घ्यायचं ठरलं. राखाडी रंगाची. नातीला पिवळी हवी होती, त्यामुळे ती आठवडाभर फुरंगटून बसली.

गाडी नोंदवली त्या दिवशी शोरूममधल्या बाईंनी एक छापील कागद पुढे केला. खालून गंज धरू नये म्हणून काळं कोटिंग करून हवंय का? गाडी ताब्यात द्यायच्या आधीच करून देऊ, किनाऱ्याकडचे सगळे करून घेतात. तीन दिवसांत कळवा.

मुलगा म्हणाला, "घरात डेंटर असताना आपण कशाला डोकं चालवायचं?"

संध्याकाळी सुनेने कागद मामांच्या पुढ्यात ठेवला. "बाबा, करायचं का?"

मामांनी कागद उलटसुलट पाहिला, चहा संपवला, "बघू" म्हणाले आणि उठून अंगणात गेले.

दुसऱ्या दिवशीही "बघू"च. सुनेला नवल वाटलं. बाबा म्हणजे रस्त्यात उभ्या असलेल्या परक्या गाडीलाही न विचारता सल्ला देणारे. समोरच्या मास्तरांच्या गाडीचं दार कुरकुरलं तरी खिडकीतून ओरडून सांगायचे, बिजागरीला तेल द्या म्हणून. आणि घरच्या गाडीचा विषय निघाला की तोंडात मिठाची गुळणी!

"आई, बाबांचं काही बिनसलंय का?" तिने मामींना विचारलं.

मामी कपबश्या पुसत होत्या. "तू काळ्या रंगाचं नाव काढलंस ना, म्हणून. त्यांनाच विचार. मी सांगायला गेले तर माझ्या पद्धतीने सांगेन, आणि मग ते म्हणतील असं नव्हतंच मुळी."

मामा अंगणात नातीच्या सायकलचा ब्रेक आवळत बसले होते. सून पायरीवर टेकली आणि आडवळणाने न जाता तिने सरळच विचारलं. मामांनी पाना खाली ठेवला. मग सांगितलं.

सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. कपड्याच्या कारखान्यातल्या बायकांना नेणारी-आणणारी एक व्हॅन होती. तिचा ड्रायव्हर घाईघाईत शेडवर आला. "मामा, उद्या गाडीची तपासणी आहे. खालून एक काळा हात मारून द्या, म्हणजे जरा बरी दिसेल." शेडमध्ये आधीच तीन गाड्या खोळंबलेल्या. रंग लावण्याआधी सगळा पत्रा हातोडीने हलकेच वाजवून बघायचा, हा मामांचा शिरस्ता. चांगला पत्रा खणखणतो, कुजका बसक्या आवाजात बोलतो. दहा मिनिटांचं काम. त्या दिवशी मामांनी ते केलं नाही. ब्रश घेतला, गाडी काळी कुळकुळीत करून दिली. व्हॅन तपासणीत पास झाली. पाच महिन्यांनी बंदराच्या वळणावर मागच्या सीटवरच्या एका बाईच्या पायाखालचा पत्रा गेला. पाय आरपार खाली गेला आणि गाडी थांबेपर्यंत रस्त्यावर घासत राहिला.

"मला कुणी काही बोललं नाही," मामा म्हणाले. "उलट तो ड्रायव्हरच म्हणत होता, गाडी जुनी, कोण काय करणार. मी दवाखान्यात गेलो. तिच्या भावाने मला खुर्ची दिली. मी बसलो, जेवण बरं मिळतं का, झोप लागते का, असलं काहीबाही विचारलं आणि परत आलो."

"कुठला पाय?" सुनेने विचारलं.

"डावा."

"घोटा की पाऊल?"

"घोटा. पुढे काठी घेऊन चालायची. मग त्यांचं बिऱ्हाडच हललं इथून."

जाऊ द्या, असं सून म्हणाली नाही. असे घोटे वळवण्यातच तिचा दिवस जायचा. ते जाऊ देता येत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, "आणि नंतर?"

"नंतर कुणालाच काळा हात मारून दिला नाही. सरळ नकार. लोकांना वाटायचं, मामा मोठे तत्त्वाचे." त्यांनी सायकलचं चाक फिरवून पाहिलं. "आता तू विचारतेस करायचं का. माझ्या जिभेवर 'नको' तयारच आहे. पण ते नको गाडीसाठी आहे का माझ्यासाठी, हेच मला उमगत नाहीये. आणि चुकीचं सांगून बसलो तर त्यात तुम्ही फिरणार."

सून म्हणाली, "बाबा, ती व्हॅन कुजलेली होती. ही कोरी आहे. तुमचं राहू द्या बाजूला. पत्रा काय म्हणतो ते सांगा."

सुनेने असं फटकन बोलावं, हे मामांना नवीन होतं. ते उठून उभे राहिले. मग म्हणाले, "त्यासाठी काम बघायला लागेल. कागदावर पत्रा कळत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं शोरूमच्या मागच्या वर्कशॉपमध्ये गेले. तिथला फोरमन चाळिशीचा, झुपकेदार मिशांचा, बोलायला मोकळा. आदल्याच दिवशी कोटिंग केलेली एक पांढरी गाडी लिफ्टवर उभी होती. ती त्याने हौसेने दाखवली. मामा गाडीखाली उभे राहिले आणि त्यांनी हात वर करून पत्र्यावरून फिरवला. थर एकसारखा बसला होता, कुठे ओघळ नाही, कुठे पापुद्रा नाही.

"हात चांगला आहे तुमच्या माणसाचा," मामा म्हणाले. फोरमन खूश झाला. तेवढ्यात मामांची बोटं दाराच्या खालच्या काठाशी थांबली. एकदा पुढे गेली, पुन्हा मागे आली. "भोकं कुठे गेली?"

"कसली भोकं?"

"पाणी जायची. पावसाचं पाणी काचेवरून दारात उतरतं. ते बाहेर पडायला खाली भोकं असतात. ती लागत नाहीयेत हाताला."

फोरमनच्या कपाळावर आठ्या चढल्या. "काका, आमच्या माणसांना ट्रेनिंग दिलेलं असतं. तुम्ही काय करता?"

"डेंटर होतो."

"अस्सं!" फोरमन हसला. "मग बरोबर आहे. गाड्या गंजल्या नाहीत तर तुम्ही मंडळींनी करायचं काय?" पलीकडे काम करणारे दोन मेकॅनिकही हसले.

मामांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पूर्वीचे दिवस असते तर त्यांनी फोरमनला तिथल्या तिथे आडवा घेतला असता. पण आज त्यांची स्वतःचीच खात्री नव्हती. नव्या गाड्यांची रचना वेगळी असेल, भोकं दुसरीकडे काढली असतील, आपण मागे पडलो असू, असं सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं. ते एवढंच म्हणाले, "गाडी खाली घ्या आणि एक जग भरून पाणी द्या."

गाडी खाली आली. मामांनी काचेच्या बाहेरच्या बाजूने, रबराच्या कडेला बारीक धार धरली. पाणी दारात उतरत गेलं. सून गुडघ्यांवर बसून दाराच्या खाली बघत होती. थेंबही पडला नाही. मामांनी दुसरा जग मागितला, तोही रिता केला. आता फोरमनही वाकला. मामांनी दार धरून हलकेच पुढे-मागे हलवलं. आत पाणी डचमळल्याचा आवाज आला.

फोरमनने खिशातला बारीक स्क्रूड्रायव्हर काढला, काळा थर दोन-तीन ठिकाणी खरवडला. चौथ्या ठिकाणी टोक आत गेलं आणि पाण्याची धार त्याच्या बुटावर पडली. बूट झटकायचंही त्याला सुचलं नाही.

"या महिन्यात किती गाड्या गेल्या आपल्याकडून?" त्याने मेकॅनिकला विचारलं.

"अकरा."

"सगळ्यांना फोन लाव. आजच." मग मामांकडे न बघता तो म्हणाला, "मघाशी बोललो ते मनावर घेऊ नका."

"घेतलं होतं," मामा म्हणाले. "आता नाही."

परतीच्या बसमध्ये सुनेने विचारलं, "म्हणजे नकोच ना?"

"हवं," मामा म्हणाले. सून चाट पडली. "अगं, कंपनीचा मूळ थर चांगला असतो, पण आपल्या रस्त्यावरची खडी तो उडवते आणि वारा तिथेच चावा घेतो. एक हात हवाच. पण भोकं उघडी ठेवून, आणि पोकळ्यांमध्ये आतून पातळ मेण फवारून. मी उभा राहून करून घेईन. आणि माझी एक अट आहे. दर वर्षी खाली शिरून बघायचं. कोटिंग केलंय म्हणून निर्धास्त व्हायचं नाही."

"कोण शिरणार? तुमची पाठ?"

"तू. गाडी तू चालवणार."

"मला त्यातलं काय कळतंय!"

"दाबून बघितल्यावर माणसाचं कुठे दुखतंय ते कळतं ना? मग कळेल."

ठरल्या दिवशी मामा खडू घेऊन सुनेबरोबर वर्कशॉपमध्ये हजर झाले. राखाडी गाडी लिफ्टवर चढली. मामांनी प्रत्येक भोकाभोवती खडूने गोल काढला आणि फवारणाऱ्या माणसाने त्यात रबराची बुचं बसवली. सगळी मिळून तेवीस. काम दुपारपर्यंत चाललं. मागचं एक चाक राहिलं तेव्हा त्या माणसाने फवारणीची बंदूक मामांपुढे धरली. "घ्या मामा, तुमच्या हातचं होऊ द्या."

मामांनी आधी मान हलवून नकार दिला. मग बंदूक घेतली. पहिला फवारा वेडावाकडा गेला. दुसऱ्या फवाऱ्याला हात सरळ झाला आणि पुढचं काम पूर्वीसारखंच निघालं. नंतर बुचं काढून मोजली तर बावीसच भरली. पुन्हा लिफ्ट वर गेली, तिघांनी सगळा तळ धुंडाळला, फोरमन आडवा होऊन बघून आला. तेविसावं बूच मामांच्या स्वतःच्या शर्टाच्या खिशात निघालं. त्यावरून फोरमन इतका हसला की त्याला ठसका लागला.

मन हलकं झालं वगैरे काही मामा घरी येऊन म्हणाले नाहीत. मामींनी मात्र त्यांना दोनदा आंघोळ करायला लावली, अंगाला डांबराचा वास येतो म्हणून. पुढे एकदा त्यांनी त्या व्हॅनमधल्या बाईचा ठावठिकाणा काढायचा प्रयत्न केला. कारखान्यातल्या जुन्या लोकांना विचारलं. कुणी एका शहराचं नाव सांगितलं, कुणी दुसऱ्याच. पत्ता शेवटपर्यंत लागला नाही.

गाडीची तपासणी मात्र चुकली नाही. वर्षातून एक रविवार त्यासाठी राखलेला. शेडमध्ये जमिनीत माणूस उभा राहील एवढा खड्डा होता. त्यावर गाडी उभी करायची, सुनेने हातोडी आणि टॉर्च घेऊन खाली उतरायचं, मामांनी वर स्टुलावर बसून ऐकायचं. पहिल्या वर्षी तिने सगळा पत्रा भीत भीत वाजवला, जणू दुखेल. मामा म्हणाले, "अगं, पेशंट नाहीये तो, जरा जोरात!" दुसऱ्या वर्षी ती सराईत झाली. समोरचे मास्तरही आपली गाडी घेऊन आले आणि रांगेत थांबले.

तिसऱ्या वर्षी मागच्या डाव्या चाकापाशी ती थांबली.

"बाबा, इथे थर उडालाय. बोटाच्या पेराएवढा."

"आवाज?"

तिने वाजवून दाखवलं. मामांनी मान तिरकी केली. "पुन्हा." तिने पुन्हा वाजवलं.

"पत्रा धड आहे," मामा म्हणाले. "वरवरचा गंज आहे. खरवड."

तिने पत्रा लख्ख दिसेपर्यंत तेवढी जागा खरवडली, पुसली, प्रायमर लावला. तो सुकल्यावर वरून दोन काळे हात दिले. मामा खाली उतरले नाहीत, फक्त ब्रश किती बुडवायचा ते सांगत राहिले. मग दोघं शेडच्या दारात येऊन बसले आणि रंग सुकेपर्यंत मास्तरांच्या गाडीबद्दल बोलत राहिले.