सोन्याच्या टकरींची चाळणी

विद्यापीठातल्या आमच्या भौतिकशास्त्र विभागात वर्षातून एकदा शाळेतली मुलं येतात. त्यांच्या हातात द्यायचं पत्रक लिहायचं काम यंदा माझ्याकडे आलं, कारण माझ्या घरी पत्रकं लिहिली जात हे सगळ्यांना माहीत होतं. हडपसरच्या आमच्या खोल्यांत कामगार संघटनेच्या पत्रकांच्या घड्या घालतच मी वाचायला शिकले.

विषय आमचाच होता. सोन्याची दोन अणुकेंद्रकं प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळली की त्यांच्यातलं द्रव्य निमिषभर नेहमीपेक्षा कितीतरी दाट होतं. एवढं दाट द्रव्य एरवी न्यूट्रॉन ताऱ्यांच्या पोटात असतं आणि तिथे कोणी जाऊ शकत नाही. प्रत्यक्ष टकरी परदेशातल्या प्रयोगशाळांत होतात. पुण्यात आम्ही त्या संगणकावर घडवतो. एकदा द्रव्य दाबायला कडक आहे असं धरून, एकदा मऊ आहे असं धरून. मग कण कुठल्या दिशेला किती उसळले ते प्रयोगाच्या आकड्यांशी ताडून पाहतो.

माझ्याआधी पीएचडीला लागलेली, कोथरूडहून स्कूटरवर येणारी एक मुलगी होती. मी तिला ताई म्हणते. तिचा प्रबंध होत आला होता आणि त्यातलं मुख्य प्रकरण सांगत होतं की द्रव्य मऊ आहे. आलेखावर प्रयोगाच्या आकड्यांचा, त्यांतली संभाव्य चूक धरून काढलेला, एक पट्टा होता. मऊची रेघ त्या पट्ट्याच्या बरोबर मधून जायची, कडकची पट्ट्याच्या वरून. परदेशातल्या एका प्राध्यापकांना तो आलेख आवडला होता आणि त्याच्या जोरावर तिला तिकडे पुढच्या संशोधनाची जागा मिळेल असं दिसत होतं.

पत्रकात मी लिहिलं, ‘टक्कर कधी समोरासमोर होते, कधी नुसती कड घासून जाते. आम्ही मधल्या टकरी निवडल्या.’ पुढे लिहायचं होतं की प्रयोग करणाऱ्यांनीही तशाच निवडल्या. तिथे मी अडकले. आम्हाला निवडणं सोपं, कारण टक्कर किती आडवी घडवायची ते आम्हीच संगणकाला सांगतो. त्यांना केंद्रकं दिसत नाहीत. ते बाहेर पडलेले कण मोजतात. भरपूर निघाले तर टक्कर समोरासमोरची, थोडे निघाले तर कड घासलेली. म्हणजे त्यांच्या ‘मधल्या’ ढिगात थोड्या इकडच्या, थोड्या तिकडच्या टकरी मिसळलेल्या असणारच. आमच्या ढिगात भेसळ शून्य. आमच्या गटात ही निवड करणारा प्रोग्राम एका विद्यार्थ्याकडून दुसऱ्याकडे तसाच येत गेला होता. त्याला आम्ही चाळणी म्हणायचो. ती चालायची, म्हणून ती उघडून कोणी बघत नसे.

कँटीनमध्ये मी ताईला हे सांगितलं. तिने वडापाव प्लेटमध्ये ठेवला.

“बाकीचे गट काय करतात?” मी विचारलं.

“कण मोजूनच निवडतात. मी वाचलंय ते. आपणही तसंच करतो, असं मी धरून चालले होते.”

“मग आलेख चुकीचा आहे.”

“पुढच्या महिन्यात परीक्षकांसमोर माझा प्रबंधाचा सेमिनार आहे. तुला आत्ताच पोरांसाठी पत्रक लिहायचं होतं?”

“सोमवारच्या मीटिंगमध्ये मी सांगणार.”

“सांग की. मोर्चाच काढ विभागावर. घोषणा मी लिहून देते.”

“ताई, चूक माहीत असून छापायचं?”

“माहीत कुठे झालीय अजून? आधी घोषणा आणि मग चौकशी, हे तुमच्या घरी चालत असेल. बघू आधी चालवून.”

तिचं म्हणणं बरोबर होतं आणि मला ते आवडलं नाही.

टकरी साठवलेल्या होत्या. फक्त प्रयोगासारखे कण मोजून नव्याने ढीग करायचे होते. ते काम तिने एकटीने केलं, मला हात लावू दिला नाही. दोन्ही रेघा खाली सरकल्या. मऊची पट्ट्याच्या खालच्या काठाशी आली, कडकची वरून उतरून पट्ट्यात शिरली. दोन्ही आत. म्हणजे काहीच ठरत नव्हतं. उत्तर उलटेल अशी माझी तयारी होती. कडक निघालं असतं तर मी त्याच्या बाजूने भांडले असते. ‘ठरत नाही’ याच्या बाजूने कसं भांडायचं ते मला येत नव्हतं.

आम्ही दोघी आमच्या मार्गदर्शक सरांकडे गेलो. त्यांनी आलेख बराच वेळ पाहिला.

“छान. म्हणजे इतकी वर्षं आपण निसर्गाला विचारत नव्हतो, कळवत होतो.” मग ताईकडे वळून म्हणाले, “जुना आलेख ठेवून खाली तळटीप देता येईल. परीक्षक काही तळटिपा वाचत नाहीत.”

“मी वाचते, सर,” ताई म्हणाली.

सरांनी तिची परीक्षा घेतली की खरंच सुचवलं, हे मला आजही सांगता येणार नाही. त्याच दुपारी तिने नवा आलेख परदेशातल्या प्राध्यापकांना पाठवला. सेमिनारपर्यंत उत्तर आलं नाही.

सेमिनारला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “मग मॅडम, द्रव्य कडक की मऊ?”

“या मोजणीवरून सांगता येत नाही. आधीचा निष्कर्ष मी मागे घेतेय.”

“मग या प्रकरणात आहे काय?”

“कुठे बघितलं तर सांगता येईल, ते आहे. कमी वेगाच्या टकरींत, नव्या चाळणीनंतरही, दोन रेघांमधलं अंतर टिकतं.”

त्यांनी प्रकरणाचं शीर्षक बदलायला सांगितलं आणि प्रबंध पुढे जाऊ दिला.

पुढच्या आठवड्यात परदेशातून उत्तर आलं. जागा दुसऱ्या कोणाला दिली होती. कारण लिहिलेलं नव्हतं.

“आलेखामुळेच,” मी म्हणाले.

“असेल. नसेलही. तू तुझं काम संगणकावर लाव.”

तिने कमी वेगाच्या टकरींचा पहिला मोठा संच संगणकाला दिला. संगणकाच्या रांगेत आमच्या पुढे दुसऱ्या गटाचं मोठं काम होतं, म्हणून आम्ही चहाला गेलो.