घराला माडी नव्हती

“डॉक्टरम्मा, मूल ओट्यावरून पडलं. तेवढं लिहून द्या. बॉडी संध्याकाळच्या आत गावी न्यायची आहे,” इन्स्पेक्टर म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

मी ग्लव्ह्ज घालत होते. पोस्टमॉर्टेम अजून सुरूही झालं नव्हतं. आमच्या कामात हे नेहमीचंच. निष्कर्ष आधी येतो, तपासणी मागून.

मी तंजावरच्या एका सरकारी हॉस्पिटलात फोरेन्सिक डॉक्टर होते. संशयास्पद मृत्यू झाला की शवविच्छेदन करायचं, कारण लिहून द्यायचं आणि पुढे कोर्टात उभं राहून तेच पुन्हा सांगायचं, असं माझं काम. आमचं घराणं इथलं जुनं मराठी. घरी मराठी, रस्त्यावर तमिळ, हॉस्पिटलात इंग्रजी. देवनागरी लिहायला मी रिटायर झाल्यावर शिकले, तेव्हा कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

टेबलावर होती ती याळिनी. वय दोन वर्षं. पापनाशमजवळच्या एका खेड्यातली. डोक्याला तेल लावून कुणीतरी मधोमध बांधलेली छोटीशी शेंडी अजून तशीच होती. माझ्या हाताखालून पुष्कळ माणसं गेली, पण ती शेंडी सोडताना मी क्षणभर थांबले, हे खरं.

पोटात रक्त साचलेलं होतं. लिव्हर फाटलेलं. लिव्हर बरगड्यांच्या आड असतं. ते फाटायला मोठा जोर लागतो आणि तो एकाच जागी बसावा लागतो. दोन वर्षांचं मूल पडतं तेव्हा डोकं, कपाळ, कोपर, काहीतरी आपटतं. हिच्या डोक्याला काही नव्हतं, कोपरं साधी खरचटलेलीही नव्हती. पाठीकडच्या बरगड्यांवर मात्र हाडाच्या गाठी होत्या. मोडलेलं हाड सांधायला लागलं की तिथे अशी गाठ धरते. म्हणजे त्या बरगड्या बऱ्याच आधी मोडल्या होत्या आणि मुलीनं ते कुणाला सांगितलं नव्हतं, कारण तिला अजून बोलताच येत नव्हतं नीट.

मी बाहेर आले. इन्स्पेक्टरांशेजारी एक गृहस्थ बसले होते. पांढरीशुभ्र वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, सदऱ्याच्या खिशाला पेन, कपाळाला विभूती. मुलीच्या बापाचे थोरले काका. सगळं गाव त्यांना पेरियप्पा म्हणत असे. त्यांचं मंगल कार्यालय होतं. पंचक्रोशीतली लग्नं त्यांच्या मांडवात लागत, त्यामुळे ती मोडू न देणं हीही आपलीच जबाबदारी आहे असं त्यांना वाटे.

“ओटा किती उंच आहे?” मी विचारलं.

पेरियप्पांनी गुडघ्याशी हात धरला.

“एवढ्यावरून पडून असं होत नाही.”

हात कमरेपर्यंत वर आला. “आमच्याकडे पाणी चढतं ना, डॉक्टरम्मा. ओटे उंचच बांधतो आम्ही.”

“तरीही होत नाही.”

दोघं उठून कॉरिडॉरच्या टोकाला गेले. तिथे कॉफी झाली. परत आले तेव्हा ओटा गेला होता आणि पायऱ्या आल्या होत्या.

“कसल्या पायऱ्या?”

“माडीच्या.”

मी मान हलवली. पुन्हा कॉरिडॉर, पुन्हा चर्चा. दुपारपर्यंत मूल गच्चीवर पोचलं. मी आणखी एकदा ‘नाही’ म्हटलं असतं, तर या मंडळींनी त्या बिचारीला देवळाच्या गोपुरावरही चढवलं असतं.

“बाप कुठे आहे?” मी विचारलं.

“दुःखात आहे,” इन्स्पेक्टर म्हणाले.

“आणि आई?”

“ती काही बोलत नाही.”

बाप दुःखात, म्हणून त्याला विचारायचं नाही. आई बोलत नाही, म्हणून तिलाही नाही. उरले पेरियप्पा. त्यांना दोन्हीपैकी कशाचाच त्रास नव्हता.

“मॅडम, डोंट कॉम्प्लिकेट,” इन्स्पेक्टर आवाज खाली आणून म्हणाले. “साधी माणसं आहेत. घरात दुःख झालंय.”

“मला स्पॉट बघायचा आहे,” मी म्हटलं. मूल जिथे पडलं असं सांगतात ती जागा डॉक्टरला पाहता येते. फारसं कुणी जात नाही, कारण जीप मिळत नाही. मी माझं मत राखून ठेवलं. मत राखून ठेवलं की फाईल बंद होत नाही, आणि फाईल बंद झाली नाही की जीप मिळते.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. दोन्हीकडे भाताची शेतं, कालव्यात म्हशी. इन्स्पेक्टर वाटेत मला सांगत होते की कुटुंब हा समाजाचा पाया आहे. पेरियप्पा मोपेडवर पुढे होते, वाट दाखवायला.

घर आलं. कौलारू, बसकं, एका खोलीचं, मागे पडवी. इन्स्पेक्टरांनी वर पाहिलं. मीही वर पाहिलं. पेरियप्पांनी खाली पाहिलं.

“माडी कुठे आहे?” मी विचारलं.

“शेजारची,” ते म्हणाले. “मूल शेजारी खेळायला गेलं होतं.”

शेजारच्या घराला खरोखर माडी होती. दाराला कुलूपही होतं. घरची माणसं कामासाठी केव्हाच तिरुपूरला गेली होती. हे आम्हाला जीपच्या ड्रायव्हरनं रस्त्यावर एका बाईला विचारून सांगितलं. इन्स्पेक्टरांनी विचारलं नसतं, त्यांना दुःखात असलेल्यांना त्रास द्यायचा नव्हता.

सेल्वी, म्हणजे मुलीची आई, मागच्या पडवीत चुलीजवळ बसली होती. चूल पेटलेली नव्हती. उजव्या मनगटाला टॉवेल गुंडाळलेला. तिच्या मांडीला टेकून थोरली मुलगी बसली होती. कयल, पाच वर्षांची. नवरा मुरुगेसन पुढच्या दारात खांबाला टेकून उभा होता. दुःखात होता, पण भांग नीट पाडलेला होता.

पेरियप्पांनी कयलला जवळ बोलावलं. “कण्णू, डॉक्टर आत्याला सांग बघू, पाप्पाला काय झालं?” कण्णू म्हणजे सोन्या, पाप्पा म्हणजे बाळ.

कयल सरळ उभी राहिली, शाळेत कविता म्हणायला उभी करतात तशी. “पाप्पा ओट्यावरून पडली.”

सुधारलेली आवृत्ती तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

“ओट्यावरून नाही गं. माडीवरून,” पेरियप्पा हसून म्हणाले.

पोरीनं आईकडे पाहिलं. मग पेरियप्पांकडे. “माडीवरून,” ती म्हणाली. आणि घाबरून पुन्हा, “ओट्यावरून. माडीवरून.”

सेल्वी उठली. उठताना तिनं दुखरा हात भिंतीला टेकला आणि तोंडातून आवाज काढला नाही. त्या घरात आवाज न काढण्याची तिला सवय असावी.

“तिला हे शिकवू नका,” ती पेरियप्पांना म्हणाली. “एक गेली माझी. ही तरी खोटं पाठ करून मोठी व्हायला नको.”

“सेल्वी, आत जा,” दारातून मुरुगेसन म्हणाला.

ती आत गेली नाही. माझ्याकडे वळली. “अम्मा, तो मला मारत होता. पाप्पा माझ्या कडेवर होती. मी खाली बसले, तिला पोटाशी धरून वाकले. लाथ मला होती. तिला बसली.”

“आणि त्याच्या आधी? तिच्या बरगड्या पूर्वी कधीतरी मोडल्या होत्या.”

तिला ते माहीतच नव्हतं. आठवून म्हणाली, “एकदा त्यानं माझ्या हातातून ओढून घेतलं होतं तिला. दोन्ही हातांनी आवळून. नंतर खूप दिवस किरकिर करायची. मला वाटलं दात येतायत.”

इन्स्पेक्टर मोकळा श्वास सोडून बोलले.

“मग हे आधी सांगायचं ना! म्हणजे मुलीला त्यानं मारलंच नाही. चुकून लागलं.”

“लाथ चुकून मारली?”

“लाथ बायकोला होती, मॅडम. ते घरगुती झालं.”

सेल्वी त्या आधी महिला पोलीस स्टेशनला जाऊन आली होती, हेही तेव्हाच कळलं. तिथे दोघांना समोरासमोर बसवून काउन्सेलिंग केलं होतं. त्याला सांगितलं, दारू कमी कर. तिला सांगितलं, उलट बोलू नकोस. दोघांनी माना डोलावल्या. केस सक्सेसफुली क्लोज. कडेवरचं मूल कुणी मोजलं नाही, त्याची काही तक्रार नव्हती.

आता मी काय करू शकत होते? पोस्टमॉर्टेम करणारी डॉक्टर जिवंत माणसांच्या फारशी उपयोगी पडत नाही. पण मनगट मोडलंय हे कुठल्याही डॉक्टरला कळतं. मी जाहीर केलं की या बाईला ताबडतोब ॲडमिट करावं लागेल, एक्स-रे, प्लास्टर, ऑब्झर्व्हेशन. आणि मूल लहान असल्यानं आईबरोबर येईल. पेरियप्पांना यात आक्षेप घ्यायला जागा सापडली नाही. शोधत होते, पण तोवर कयल जीपमध्ये जाऊन बसली होती.

दोन दिवसांनी पेरियप्पा वॉर्डात आले. हातात शहाळी, वेलची केळ्यांचा घड, चेहऱ्यावर समेट.

“घर मोडू नका, डॉक्टरम्मा,” ते मलाच म्हणाले, जणू नवरा माझा होता. “झालं ते वाईट झालं. वय आहे दोघांचं, मूल काय, पुन्हा होईल.”

प्लास्टर घातलेला हात छातीशी धरून सेल्वी कॉटवर बसली होती. ती म्हणाली, “कुठलं घर, पेरियप्पा? ज्याला माडी आहे ते?”

वॉर्डातल्या बायका हसल्या. पेरियप्पांनी शहाळी ठेवली आणि गेले. शहाळी चांगली होती. आम्ही ती सगळ्या वॉर्डात वाटली.

सेल्वीनं मॅजिस्ट्रेटसमोर जबाब दिला. मी मृत्यूचं कारण लिहिलं. मुरुगेसनला अटक झाली. पुढचा तपास दुसऱ्या इन्स्पेक्टरकडे गेला. पहिल्यांची बदली झाली, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे प्रमोशनवर.

कोर्टात उभं राहायला वेळ लागला, तो लागतोच. आरोपीचे वकील तयारीचे होते. मला त्यांनी लिव्हरवर पुष्कळ प्रश्न विचारले. मग त्यांनी आपला हुकमाचा पत्ता टाकला.

“युवर ऑनर, मुलीला इजा करण्याचा आरोपीचा काडीचाही हेतू नव्हता. तो त्या वेळी फक्त पत्नीला मारत होता. हे खुद्द पत्नीच सांगते.”

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “म्हणजे मारहाण तुम्हाला मान्य आहे?”

वकील पाणी प्यायले.

“वाकलेल्या बाईला लाथ मारली, ती पोटाशी धरलेल्या मुलाला बसली,” बाई म्हणाल्या. “कायद्यात नेम चुकल्याची सूट नाही.”

मुरुगेसनला शिक्षा झाली. त्याला अपेक्षा नव्हती. निकाल ऐकताना त्याचा चेहरा खरोखर दुःखी दिसला, पहिल्यांदाच. सेल्वी रडली नाही आणि हसलीही नाही. कोर्टाच्या बाहेर तिनं मला विचारलं, “अम्मा, बरगड्या मोडल्या तेव्हा तिला खूप दुखलं असेल ना?” मी ‘हो’ म्हटलं. तिला खरं उत्तर हवं होतं.

ती आता तंजावरात एका मुलींच्या हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात काम करते. कयल शाळेत जाते. पाठांतरात कच्ची आहे, असं तिच्या टीचर म्हणतात. असू दे.

रिटायर होण्याआधी मी हॉस्पिटलात एक सूचना केली. कॅज्युअल्टीत एखादी बाई फुटलेली भुवई घेऊन ‘बाथरूममध्ये घसरले’ म्हणत आली, की तिला टाके घालता घालता मुलांचीही चौकशी करा, शक्य तर मुलांना तपासा. सूचनेवर एक कमिटी नेमली गेली. विषय अत्यंत महत्त्वाचा आहे, असं कमिटीचं एकमत झालं. त्यानंतर चहा झाला.

तरी काही ज्युनिअर डॉक्टर मुली चौकशी करतात, कमिटीची वाट न बघता. त्यांना मी जे सांगितलं तेच इथे सांगते, कारण यात डॉक्टरकीचं काही नाही, शेजाऱ्यालाही जमेल. घरात बाईला मार बसतोय असं कळलं, की ते नवरा-बायकोचं आहे म्हणून दार लावून घेण्याआधी एकच विचारा, त्या वेळी मूल कुठे होतं? त्याला जायला दुसरी जागा नसते. ते आईजवळच असतं.