राखेवरचं शहर

कोराडीच्या बसमध्ये रोज सकाळी माझ्या शेजारी एक फिटर बसायचे. वीजकेंद्राच्या राखेने खिडकीची काच पांढुरकी झालेली असायची. तिच्यावर ते बोटाने जर्मनीतलं वीसबाडेन काढायचे. ट्रेनिंगला गेले असताना एका रविवारी त्यांनी ते शहर पायी पाहिलं होतं.

"हे चर्च, हा बगीचा, अन् हा गरम पाण्याचा झरा. सांधे दुखणारे लोक पेले घेऊन उभे राहत." झऱ्यापाशी बोट थांबायचं.

एकदा मी विचारलं, "पाणी आणलं नाही का?"

"आणलं ना गा, बाटलीभर. बायकोचे गुडघे लय दुखत. पण मी त्या गावाचं इतकं कौतुक सांगितलं, का तिले ते तीर्थच वाटलं. देव्हाऱ्यात ठेवलं तिनं. मलेही बरं वाटलं, गुडघ्यांसाठी पी असं मी म्हटलंच नाही."

"मग?"

"ती गेली तवा दोन थेंब तोंडात घातले. बाटली तवाच उघडली."

त्यांनी तळव्याने काच पुसली.

दुसऱ्या दिवशी काय बोलावं सुचेना, म्हणून मी मागे जाऊन बसलो. शेजारच्या सीटवर त्यांनी माझ्यासाठी रुमाल टाकून ठेवला होता. तो मला दिसला होता.